काकांच्या खांद्याला झेपेल असं मशीन: १९८३ च्या लिव्हर एस्प्रेसोचं पूर्ण प्रकरण

मागच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या काकांचा फोन आला. म्हणाले, अरे ते इटलीचं कॉफी मशीन माळ्यावरून काढलंय, प्लग लावला की अख्ख्या घराची लाईट जाते, जरा बघून जातोस का. काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते, वय आता ७८, आणि हे मशीन त्यांनी १९८३ साली जेनोआला जहाज लागलेलं असताना घेतलेलं. ला पावोनी प्रोफेशनल, क्रोमचं, वर प्रेशर गेज असलेलं. पंधराएक वर्षं वापरलं, मग रबरं गेली, पार्ट मिळेनात, मशीन जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून माळ्यावर गेलं. मधे त्यांची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात साडेतीन वर्षं काढली, नवीन फ्लॅटमध्ये परत आले, आणि त्या सगळ्या सामानाच्या हलवाहलवीत मशीन सोबत फिरत राहिलं.

मी हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे अशी जुनी मशीन्स बऱ्याच घरांत पडून आहेत, गल्फवाल्यांची, शिपवाल्यांची, आणि दुरुस्तीला काढली की पहिली चर्चा पॉलिश कुठे करायचं याचीच होते. आमच्या केसमध्ये खरा प्रश्न वेगळाच निघाला. काकांच्या उजव्या खांद्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. मशीन नव्यासारखं केलं असतं तरी त्यांना लिव्हर, म्हणजे हाताने दाबायची लांब दांडी, खाली दाबताच आली नसती. म्हणजे मशीन दुरुस्त, आणि कॉफी नाही. हे मला खूप उशिरा कळलं, ते पुढे येईलच.

आधी हे मशीन काय करतं ते थोडक्यात, कारण एस्प्रेसो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लग्नातलं ते मोठं मशीन येतं, वाफेने दूध घुसळून वर चॉकलेट पावडर मारतात ते. ती कॉफी मलाही आवडते पण ती दुधात वाफ सोडून केलेली कॉफी झाली. खऱ्या एस्प्रेसोची, म्हणजे दळलेल्या कॉफीतून गरम पाणी दाबाने ढकलून केलेल्या कॉफीची, सुरुवात इटलीतली, लुईजी बेझेराचं पेटंट १९०१ चं, मग देसिदेरिओ पावोनीने १९०५ मध्ये मिलानला कंपनी काढून अशी मशीन्स बनवायला घेतली. ती वाफेच्या दाबावर चालायची, म्हणजे दीडएक बारवर (बार हे दाबाचं माप), आणि कॉफी कडवट जळकी यायची. आकिले गाज्जाने १९३८ च्या पेटंटपासून आणि मग युद्धानंतर पिस्टन आणि लिव्हर आणली, दाब आठ नऊ बारवर गेला आणि कॉफीवर तो सोनेरी फेस, क्रेमा, यायला लागला. घरात ठेवता येईल असं ला पावोनीचं छोटं लिव्हर मशीन एउरोपिक्कोला १९६१ चं, आणि त्याचाच मोठा भाऊ प्रोफेशनल १९७४ चा, त्याच्या बॉयलरमध्ये १.६ लिटर पाणी बसतं. ह्यात पंप नाही, स्प्रिंग नाही. लिव्हर वर उचलली की पिस्टन वर जातो, बॉयलरमधलं पाणी स्वतःच्या दाबाने खाली कॉफीवर उतरतं, पाच दहा सेकंद कॉफी भिजू द्यायची, मग लिव्हर खाली दाबायची. नऊ बार दाब जो काही येतो तो तुमच्या हातातून येतो. सगळी गंमत तीच आणि काकांची सगळी अडचणही तीच.

तर पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाची अवस्था अशी. बॉयलरचं क्रोम बऱ्यापैकी शाबूत, बेसचं मात्र गंजाने पापुद्रे धरलेले, बोट फिरवलं की टोचायचं. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आतून पांढरी. लिव्हर उचलायला गेलो तर हललीच नाही, पिस्टनची रबरं सिलिंडरला चिकटून बेकलाईटसारखी कडक झालेली. बेस उलटा केला तर आतल्या वायरचं इन्सुलेशन बोटात चुरा होऊन आलं. बॉयलरचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आत क्षार इतका की एलिमेंटची वेटोळी एकमेकांना चिकटल्यासारखी दिसत होती. जुन्या घरी अधूनमधून बोअरचं पाणी यायचं, काकू म्हणाल्या आम्ही तेच भरायचो, तेव्हा कोणाला माहिती होतं. म्युनिसिपालिटीचं नळाचं पाणी आपल्याकडे तसं मऊ असतं, बोअरचं आणि टँकरचं तसं नसतं, हे गीझरवाल्या कुठल्याही घराला विचारा.

आता लाईट का जाते. मी मल्टिमीटरने एलिमेंट मोजलं, ४९ ओहम. प्लेटवर २२० व्होल्ट १००० वॉट लिहिलंय, हिशोब केला तर ४८.४ यायला हवं, म्हणजे आतली तार एकदम ठीक. तरी ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा मीटरजवळचा स्विच, पडतोय म्हणजे करंट तारेतून बाहेर बॉडीला जातोय. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले एलिमेंट गेलं, फेकून द्या, आणि शक्यतो मशीनच फेकून द्या. काका त्यावर काही बोलले नाहीत, घरी आले, कपाटातून त्यांचा जुना हाताने फिरवायचा मेगर, म्हणजे वीज नीट अडते की गळते ते मोजायचं मीटर, काढला आणि टर्मिनल आणि बॉडीमध्ये लावला. काटा सरळ शून्यावर.

मी म्हटलं, काका, मग दुकानवाला बरोबरच म्हणत होता ना. म्हणाले, "थांब. जहाजावर पावसाळी हवेत उभी राहिलेली हीटर अशीच शून्य दाखवायची, म्हणून आम्ही काय ती समुद्रात टाकायचो?" एलिमेंटच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड ठासलेली असते, ती उष्णता पुढे देते पण वीज अडवते. मात्र ही पूड हवेतला ओलावा ओढून घेते. टर्मिनलच्या तोंडाशी जे सील असतं ते तडकलं आणि मशीन वीसपंचवीस पावसाळे माळ्यावर राहिलं की पूड दमट होते आणि वीज अडवायचं सोडून देते. घरातला ईएलसीबी ३० मिलीअँपला पडतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसात हजार ओहमच्या खाली इन्सुलेशन गेलं की संपलं, लाईट जाणार.

म्हणून एलिमेंट काढून वाळवायचं ठरलं, आणि एलिमेंट काढायला बॉयलर बेसपासून सोडवायचा, आणि बॉयलर एका मोठ्या रिंगने बेसला धरलेला, आणि ती रिंग चाळीस वर्षांत कोणी हलवलेली नाही. ह्या एका रिंगमध्ये आमचे नऊ दिवस गेले. जोर लावून पाना सटकला तर रिंगच्या खाचा गोल होतात आणि मग कायमचं वाटोळं, म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून खाचांच्या मापाचा पाना पट्टीतून कापून घेतला. रोज सकाळ संध्याकाळ गंज सोडवणारं तेल, मधे हेअर ड्रायरने गरम करून परत तेल. ब्लो टॉर्च लावायचा मोह होत होता पण बॉयलरचे जोड सोल्डरचे, तो जाळ नको म्हणून काकांनी सक्त मनाई केली. नवव्या दिवशी संध्याकाळी पाना लावून त्यावर लाकडी हातोडीने एक बारीक टोला मारला आणि रिंग पाव इंच सरकली. काकू आतून विचारायला आल्या काय झालं म्हणून, आम्ही दोघं इतक्या मोठ्याने ओरडलो होतो.

एलिमेंट ओटीजीमध्ये १२० डिग्रीवर पाच तास. गार झाल्यावर मेगर २ मेगाओहम. दुसऱ्या दिवशी परत पाच तास, आता काटा १०० च्या पुढे. पण एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण बाहेरच्या नळीला बारीक भोक असेल तर कोरडं असताना चांगलं दाखवणार आणि पाण्यात बुडवलं की परत शून्य. म्हणून टर्मिनलची तोंडं जास्त तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद केली, सुकल्यावर टर्मिनल बाहेर ठेवून एलिमेंट रात्रभर पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवलं, सकाळी मेगर लावला, काटा जागचा हलला नाही. तेच जुनं एलिमेंट आजही चालतंय. दुकानवाल्याचं ऐकलं असतं तर एक चांगला पार्ट कचऱ्यात गेला असता, आणि नवीन मागवायचा खर्च आणि कस्टम ड्युटी वेगळी.

क्षार काढायला लिंबूसत्त्व वापरलं, किराणा दुकानात मिळतं तेच, एका लिटर कोमट पाण्याला ३० ग्रॅम. बुडबुडे येतात, पाणी आधी दुधाळ, मग हिरवट निळं व्हायला लागतं. पाणी निळं झालं की समजायचं आता आम्ल पितळातलं तांबं खायला लागलंय, लगेच ओतून टाकायचं. वीस वीस मिनिटांच्या चार फेऱ्या केल्या, प्रत्येक फेरीनंतर आत टॉर्च. शेवटी पितळ दिसलं, आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा एक गुलाबी डाग दिसला. गुलाबी म्हणजे पितळातलं जस्त निघून जाऊन नुसतं तांबं मागे राहिलंय, ती जागा ठिसूळ होते. काकांनी तिथे पेचकसाच्या टोकाने हलकेच दाबून बघितलं, रुतलं नाही, खडखडीत होतं. तरी डागाभोवती मार्करने गोल करून फोटो काढून ठेवला, दरवर्षी बघायचा म्हणून. शेजारच्या आजी म्हणाल्या आतून कल्हई करून घ्या की, पितळेच्या पातेल्याला करतो तशी. सल्ला मनापासूनचा होता, पण कल्हईला भांडं जाळावर तापवावं लागतं आणि ही दाबाची टाकी आहे, तिला तसला जाळ द्यायचा नाही.

रबरांच्या बाबतीत माझी चूक झाली ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. ह्या मशीनचा ग्रुप, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो तो पुढचा भाग, २००० सालाच्या सुमारास बदलला. जुन्याची कॉफीची जाळी ४९ मिमीची, नव्याची ५१. मी मॉडेलचं नाव बघून किट मागवलं, साल बघितलंच नाही, तीन आठवड्यांनी आलं ते नव्या ग्रुपचं. परत ऑर्डर, परत तीन आठवडे. मागवण्याआधी कॅलिपरने जाळी मोजा, एवढंच.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. पिस्टनवर दोन रबरं असतात, दोघांना एका बाजूने ओठ असतो, वाटीच्या कडेसारखा. जिकडून दाब येतो तिकडे ओठ उघडा हवा, म्हणजे दाबच ओठ फाकवून भिंतीला चिकटवतो आणि पाणी अडतं. खालच्या रबराला दाब कॉफीकडून येतो म्हणून त्याचा ओठ खाली. वरच्याला दाब बॉयलरकडून येतो कारण लिव्हर खाली असताना बॉयलरचं पाणी पिस्टनच्या वरच्या जागेत येऊन उभं असतं, म्हणून त्याचा ओठ वर. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. मी दोन्हीचे ओठ खाली करून बसवले, मनात एवढंच की दाब खाली लागतो. मशीन तापल्यावर लिव्हरला हात न लावता ग्रुपमधून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. पुसलं, परत थेंब. मी म्हटलं सिलिंडरला चर पडली असणार, आता संपलं. काकांनी कागदावर पेन्सिलने पिस्टन काढला, दोन बाण काढले आणि कागद माझ्याकडे सरकवला. बोलले काहीच नाहीत. वरचं रबर उलटं केलं, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस बोटाने लावलं, गळती बंद. ग्रीस हे असलंच घ्या, गाडीचं नको, तोंडात जाणाऱ्या गोष्टीला ते चालत नाही.

हे सगळं जोडल्यावर मी प्लग लावायला निघालो होतो, काकांनी हात धरला. आधी हायड्रो टेस्ट, म्हणजे थंड पाणी दाबाने भरून गळती बघायची. वाफेवर पहिल्यांदा टेस्ट करायची नाही, कारण वाफ दाबली जाते, काही फुटलं तर ती साठलेली ताकद सगळी एकदम बाहेर येते. थंड पाणी दाबलं जात नाही, जोड सुटला तर चूळ भरल्यासारखं पाणी येतं आणि विषय संपतो. बिल्डिंगच्या प्लंबरकडे पाईपलाईन टेस्ट करायचा हातपंप असतो तो एका दुपारपुरता मागून आणला. गेज काढून तिथे जोड दिला, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बूच मारलं, बॉयलर काठोकाठ भरून हवा काढली आणि २ बारपर्यंत नेऊन वीस मिनिटं ठेवलं. मशीनचा रोजचा दाब ०.८ च्या आसपास असतो. काचेच्या नळीच्या खालच्या गॅस्केटला एक थेंब आला, नट अर्धा आटा आवळला, थांबला. ते बूच काढून सेफ्टी व्हॉल्व्ह परत बसवला हे आम्ही दोघांनी एकमेकांसमोर मोठ्याने म्हणून खात्री केली. ही गोष्ट विसरायची नसते.

वायरिंग पूर्ण नवीन, फायबरग्लासचं कव्हर असलेली वायर, कारण बेसमध्ये चांगलीच उष्णता असते. प्रेशरस्टॅट, म्हणजे ठरलेला दाब आला की एलिमेंट बंद करणारा स्विच, नवीन टाकला, जुन्याचे कॉन्टॅक्ट जळून काळे झाले होते. बेस गंज घासून पावडर कोटिंगला दिला, काकांनी बॉटल ग्रीन रंग निवडला, जुन्या इंजिनरूममधला हिरवा म्हणे. परत आला तर दिसायला फार सुंदर, पण अर्थिंगच्या स्क्रूची जागा मास्क करायला सांगूनही कोटिंगखाली गेलेली. पावडर कोटिंग वीज अडवतं, म्हणजे अर्थ वायर जोडल्यासारखी दिसणार आणि जोडलेली नसणार. तेवढी जागा खरवडून नागडं लोखंड काढलं, दातेरी वायसर टाकला, प्लगच्या अर्थ पिनपासून बॉयलरपर्यंत मोजलं तेव्हा मल्टिमीटर शून्याजवळ आला. पाणी, पितळ आणि हजार वॉट एकत्र आहेत, इथे अंदाजाने काम नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मशीन पहिल्यांदा वाफेवर आलं. गेज लवकरच ०.८ वर गेला, पण तो खोटा दाब असतो, आत अडकलेल्या हवेचा. वाफेची तोटी उघडून हवा सोडून दिली, काटा पडला, आणि मग परत चढला तो खरा. ०.८ बारला आतलं पाणी ११७ डिग्रीला असतं. कॉफी भरली, काकांनी लिव्हर उचलली, आठपर्यंत मोजलं, दाबायला घेतली आणि मधेच थांबले. चेहऱ्यावरूनच कळलं. दुसऱ्या हाताचा आधार घेऊन परत दाबली, मशीन पुढे कलंडायला लागलं, मी बेस धरला. कॉफी आली, चांगली आली, पण काका खुर्चीत बसून खांदा चोळत होते आणि म्हणाले, "झालं छान. आता तू करून देत जा."

मला त्या वाक्याचं फार वाईट वाटलं. साडेतीन महिने आम्ही मशीन बघत होतो आणि माणूस बघितलाच नव्हता. तोपर्यंत कस्टमायझेशन म्हणजे माझ्या डोक्यात क्रोम काढून पितळ चमकवायचं, शिसवी हँडल लावायचं, असलंच सगळं होतं. त्या रात्री पहिल्यांदा हिशोब मांडला.

पिस्टन साधारण ५० मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर. नऊ बारला पिस्टनवर १८० किलो ताकद लागते. लिव्हरच्या टेकूपासून पिस्टनची पिन ३ सेंटिमीटरवर, हँडलची पकड २४ वर, म्हणजे आठास एक. हातावर येतात साडेबावीस किलो. डॉक्टरांनी काकांना उजव्या हाताने पंधराच्या वर काही उचलायला दाबायला मनाई केलेली. आता दोन ठिकाणी हात घालता येतो. एक, दाब कमी करायचा, सहा बारलाही चांगली कॉफी निघते, फक्त दळण किंचित जाडं लागतं, मग पिस्टनवर १२०. दुसरं, लिव्हर लांब करायची, ६ सेंटिमीटर वाढवली की ३० भागिले ३, दहास एक. हातावर १२ किलो.

लिव्हरला वेल्डिंग करायचं नाही हे आधीच ठरवलं, मूळ पार्टला इजा नको, उद्या कोणाला परत होता तसा करायचा असेल तर करता आला पाहिजे. त्याच लेथवाल्या दादांकडे हँडल काढून लिव्हर घेऊन गेलो, त्यांनी आटे मोजले आणि स्टेनलेसचा एक तुकडा बनवून दिला, एका टोकाला आतून आटे, दुसऱ्या टोकाला बाहेरून. लिव्हर आणि हँडलच्या मधे तो बसतो, दोन मिनिटांत निघतो. हँडलसाठी काकूंनी कपाटामागून एक लाकडाचा तुकडा काढला, जुन्या घराच्या दाराच्या चौकटीचा सागवान. बिल्डिंग पाडायच्या आदल्या दिवशी काकांनी करवतीने कापून ठेवलेला, का ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्याच्यावर एका बाजूला ऑइल पेंटचे तीन थर, पांढरा, आकाशी, परत पांढरा. खराद्याने तो घासून काढला तेव्हा आत लाकूड मधासारखं निघालं. हँडल नेहमीपेक्षा जाड करून घेतलं, ३८ मिमी, कारण बारीक दांडा घट्ट आवळावा लागतो आणि आवळलं की खांद्यापर्यंत ताण जातो. वरून नुसतं जवसाचं तेल, पॉलिश नाही, ओल्या हातातून निसटू नये म्हणून.

लिव्हर लांब झाली की मशीन जास्त कलंडणार, सहा किलोचं तर मशीन. त्याच चौकटीच्या उरलेल्या लाकडातून ४५ बाय ३० चा पाट केला, बेस खालून त्याला बोल्ट केला, खाली रबराचे पाय. आता काका एका हाताने, सरळ उभं राहून, अंगाचं थोडं वजन देऊन दाबतात. किती दाबतात ते मोजायची युक्ती काकांची. अख्खं मशीन पाटासकट वजनकाट्यावर ठेवायचं, आकडा लक्षात ठेवायचा, लिव्हर दाबताना जेवढा आकडा वाढेल तेवढा हाताचा जोर. काटा १२ ने वाढला की सहा बार. दोन आठवडे रोज काट्यावर सराव केला, आता हाताला कळतं.

क्रोमचं पॉलिश वगैरे काहीच केलं नाही. बॉयलरवर दोन ओरखडे आहेत, काकू म्हणतात ते मुलाने खेळण्यातल्या गाडीने काढलेत, ते राहू दे.

उरला तो उष्णतेचा प्रश्न, आणि ठाण्यात हा प्रश्न इटलीपेक्षा मोठा आहे. ग्रुप थेट बॉयलरला चिकटलेला, त्यामुळे एकामागून एक कॉफी केली की तो तापत जातो. ग्रुपवर तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावली. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वयंपाकघरच ३४ डिग्री, पहिल्या कॉफीला ग्रुप ८४, दुसऱ्याला ९३, तिसऱ्याला १०१, आणि ती तिसरी कॉफी सरळ जळकी. चार पाहुणे आले की दोघांना चांगली आणि दोघांना वाईट. दादांकडून ॲल्युमिनियमच्या दोन फाकेची, बाहेर पाकळ्या असलेली कडी करून घेतली आणि ग्रुपच्या बाहेरून आवळली, उष्णता हवेत सोडायला. तिसरी कॉफी आता ९४ वर येते. त्याच्यापुढे मात्र मशीन बंद करून ओलं फडकं गुंडाळून पाच मिनिटं थांबायचंच. आणि कॉफी झाल्या झाल्या कॉफी भरायचा दांडा काढायचा नाही, आत दाब अडकलेला असतो, गरम चोथा तोंडावर उडतो. काका त्यासाठी शंभर अंक मोजतात.

कॉफीचं सांगायचं तर फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर ह्यात चालत नाही, आम्ही दोनदा करून बघितली, एकदा धो धो वाहिली, एकदा बारीक दळली तर चिकटून बसली, थेंब येईना. चिकमंगळूरच्या बिया आणतो, भाजून आठ दहा दिवस झालेल्या, हाताच्या ग्राइंडरवर दळायचं. १४ ग्रॅम कॉफी, कपात २५ ते २८ ग्रॅम. ग्राइंडर मी फिरवून ठेवतो कारण तेही खांद्याचंच काम आहे, शनिवारी जाऊन, पण दळलेली कॉफी दोन दिवसांत उतरते, म्हणून आता त्याला छोटी मोटर जोडायचं चाललंय.

आज आठ महिने झाले. मार्चमध्ये लिव्हरच्या वरच्या टोकाशी वाफ झिरपायला लागली, पिस्टनच्या दांड्याचं सील होतं, दुसऱ्या किटमधलं जास्तीचं होतं तेच टाकलं. काचेच्या नळीचं खालचं गॅस्केट मशीन गार होताना अजून एखादा थेंब सोडतं, तापलं की बंद होतं, ते दिवाळीच्या आधी उघडू, त्याच वेळी तळाचा गुलाबी डागही बघून घेऊ. मशीनशेजारी काकांनी एक वही ठेवलीय, जहाजावरच्या लॉगबुकसारखी, रेघा आखलेली. काल गेलो तेव्हा उघडून बघितली, शेवटची नोंद होती: सकाळी ६.१०, दाब ०.८, ग्रुप ८४, जोर १२, दोन कप, काचेला एक थेंब.